वॉरंटी संपत आलीय: सर्व्हिसिंग आत्ता, नंतर की लातूरच्या गंजगोलाईतल्या घड्याळजीकडे?

रोलेक्स, ओमेगा, ट्यूडर या घड्याळांची वॉरंटी 5 वर्षांची. दोन महिने उरले की अनेकांना वाटतं, आता फुकटात सर्व्हिसिंग उरकून घ्यावी. तसं होत नाही. वॉरंटीत कारखान्याचा दोष मोफत निघतो; मशीन खोलून धुणं, नवं तेल, नवे वायसर यांचे पैसे पडतातच. रोलेक्स ही सर्व्हिसिंग साधारण 10 वर्षांनी करायला सांगते, ओमेगा 5 ते 8. म्हणजे आधी ठरवायचं ते एवढंच, की घड्याळात दोष आहे का?

हे घरीच कळतं. क्राउन (चावी द्यायची बाजूची गुंडी) 30-40 वेळा फिरवून पूर्ण चावी द्या, मोबाइलशी सेकंद जुळवा, 7 दिवस ठरल्या वेळी फरक लिहा. सीओएससी या अचूकता तपासणाऱ्या स्विस संस्थेच्या प्रमाणपत्राच्या मशीनची चाचणीतली सरासरी दिवसाला -4 ते +6 सेकंदांत असते. रोलेक्स ±2 सांगते. मग चावी भरून घड्याळ काढून ठेवा आणि तास मोजा. ईटीए 2824 हे अनेक घड्याळांतलं स्विस मशीन साधारण 38 तास चालायला हवं. 28 तासांतच थांबलं तर तक्रार पक्की. अचानक मिनिटांनी पुढे पळू लागलं तर बहुधा चुंबकत्व. मॅग्नेटवाल्या मोबाइल कव्हरला किंवा स्पीकरला खेटून ठेवलं की हेअरस्प्रिंगचे (वेळ राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेटोळे एकमेकांना चिकटतात. ते काढणं काही सेकंदांचं काम, वॉरंटी खर्चू नका.

दोष दिसला तर आत्ताच द्या, तेही शेवटच्या आठवड्यात नव्हे. लातूर-नांदेडहून घड्याळ डीलरमार्फत पुण्या-मुंबईला जातं, म्हणून दीड महिना हाताशी ठेवा. पावतीवर तारीख, सीरियल नंबर आणि तक्रार नेमक्या शब्दांत: ‘रोज 14 सेकंद मागे पडतं’. नुसतं ‘चेक करा’ लिहिलं तर ‘ठीक आहे’ म्हणून परत येतं. पॉलिश नको असेल तर तेही लिहा. घासलेल्या कडा परत येत नाहीत.

दोष नसेल तर थांबा. चालत्या घड्याळाचं मशीन उगाच खोलण्यात फायदा नाही. फक्त पाण्याची चाचणी करून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम आणि धूळ क्राउनच्या वायसरपाशीच बसते. काचेखाली धुकं दिसलं तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी द्या.

गंजगोलाईतला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतला घड्याळजी? पट्टा, पिन यांसाठी बेशक. जुन्या एचएमटीला तर त्याच्यासारखा हात नाही. पण वॉरंटी चालू असताना मागचं झाकण त्याच्याकडून उघडू देऊ नका. झाकणाच्या खाचांवर ओरखडा दिसला की सर्व्हिस सेंटर हात वर करतं. वॉरंटीनंतर त्याच्याकडे जायचं तर आधी विचारा: टाइमग्राफर (घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) आहे का, पाण्याच्या दाबाची चाचणी होते का, वायसर कंपनीचे मिळतील का? पूर्ण चावीवर ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतल्या बॅलन्स चाकाचा झोका, 270 ते 310 अंश चांगला. 220 च्या खाली असेल तर तेल सुकलंय किंवा घाण अडकलीय, आणि सर्व्हिसिंगची खरी वेळ ती.