शेततळ्यातल्या चिलापीवर जिताडा: बीज चोख, सल्ला अर्धवट

माझं शेततळं भडगाव तालुक्यात, ३० बाय ३० मीटरचं, कागद टाकलेलं. केळीला ठिबकचं पाणी आणि त्यातच कटला-रोहू, असा हिशेब होता. जामद्याच्या कालव्याला आवर्तन सुटलं की पंपाने तळं भरून घेतो, त्याच पाण्यातून चिलापी (तिलापिया मासा) आत शिरली. हिची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं भरपूर जगतात आणि दोन-तीन महिन्यांत तीही अंड्यावर येतात. खाद्य टाकायचं कटल्यासाठी, फस्त करायचं चिलापीने. बाजारात त्या बोटभर मालाला कुणी विचारत नाही.

म्हणून पोळ्यानंतर एका मत्स्यबीजवाल्याकडून जिताड्याची, म्हणजे चिलापीची पिल्लं खाणाऱ्या शिकारी माशाची, बोटुकली मागवली. १०० नग, चार इंची, नगाला ३५ रुपये. शेजारच्या आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "मासाच मासाले खास, त्यानासाठे पैसा कसाले देवाना?" त्या बीजवाल्याला पाचपैकी साडेतीन तारे देतोय, दीड कुठे कापला ते सांगतो.

बीज मात्र एक नंबर. जिताडा जन्मतो खाऱ्या पाण्यात, त्याला हळूहळू गोड्या पाण्याची सवय लावावी लागते. ते काम त्यांनी नीट केलं होतं. शिवाय सगळी पिल्लं एका मापाची. हे महत्त्वाचं, कारण लहान-मोठी एकत्र आली की चिलापी राहते बाजूला आणि मोठी लहानांनाच गिळतात. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या रात्रीच्या गाडीने आल्या, मेलेली मोजकीच निघाली. पिशव्या आधी तळ्यात तरंगत ठेवा, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की मगच तोंड सोडा, हेही त्यांनी बजावून सांगितलं होतं.

दिवाळीपर्यंत काठाला दिसणारी चिलापीच्या पिल्लांची काळी झुंड नाहीशी झाली. मोठ्या चिलाप्या जिताड्याच्या तोंडात मावत नाहीत, त्या जाळं ओढूनच काढाव्या लागल्या. कटला-रोहू तोवर वीतभर झाले होते, म्हणून वाचले. तुमचे छोटे असतील तर जिताडा सोडूच नका, तो चिलापी आणि कटला असा भेद करत नाही.

आता कापलेले तारे. पहिल्याच फोनवर तिथल्या पोऱ्याने सुचवलं, "साहेब, थाई मांगूर घ्या, स्वस्तात काम होईल." म्हणजे आफ्रिकन मांगूर, ज्याच्यावर २००० सालापासून बंदी आहे. मी बंदीचं नाव काढलं तेव्हा लगेच जिताड्यावर आला. दुकान चालवणाऱ्याला हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

दुसरं, थंडीचं कुणी चकार शब्द बोललं नाही. पाणी वीस अंशांखाली गेलं की जिताडा खाणं कमी करतो, आणि आपल्याकडे पौषात रात्री पारा दहाच्याही खाली येतो. रोज सकाळी दोन-चार पांढरी पोटं वर दिसायची. फोन केला तर उत्तर मिळालं, भरपाई फक्त पहिल्या तीन दिवसांची.

तिसरी गोष्ट मला जास्त खटकली, ती त्यांचाच हा सल्ला: "उरलेला माल गावतलावात सोडा, अमेरिकेत अख्ख्या सरोवरात सोडतात." सोडतात, खरं आहे. मिशिगन सरोवरात एलवाइफ नावाचा उपरा मासा माजला होता. तो खायला १९६६ मध्ये कोहो आणि पुढच्या वर्षी चिनूक, असे पॅसिफिककडचे सॅमन आणून सोडले. गळवाल्यांची चंगळ झाली. पण शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफच संपला आणि चिनूक उपाशी पडला. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सोडलेला नाईल पर्च तर आपल्या जिताड्याचाच भाऊबंद, दोघांचं कुळ लेट्स. त्याने तिथल्या स्थानिक माशांच्या जाती शेकड्याने संपवल्या. फरक एवढाच, की नाईल पर्च गोड्या पाण्यात पैदास करतो, जिताडा करत नाही. तेवढ्यासाठीच मी तो बंद शेततळ्यात घ्यायला तयार झालो. गावतलाव गिरणेला मिळतो. पुरात निसटलेला जिताडा पिल्लं घालणार नाही, पण जगेल तोवर खाईल, आणि पुढे कुणी त्याच हिमतीवर मांगूरही सोडेल.

पैशाचं म्हणाल तर जिताड्यात सुटला नाही. अलिबागकडे त्याला मोठा भाव, पाचोऱ्याच्या व्यापाऱ्याने कटल्याचाच दर लावला. खायला मात्र झकास. काटे कमी, मांस घट्ट, काळ्या मसाल्याच्या रश्श्यात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर आप्पाही दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात.

यंदा होळीनंतर पाणी तापलं की पुन्हा मागवणार, त्याच माणसाकडून. ५०० नगांखाली घरपोच देत नाही म्हणतो, म्हणून वाडे आणि कजगावकडचे दोघे-तिघे सोबत घेतोय. आणखी कुणाला हवं असेल तर कळवा, तळं बंद असेल तरच.