डीएमडीची जनुकतपासणी: संभाजीनगरातल्या एका संकलन केंद्राबद्दल

डीएमडी म्हणजे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मुलांचे स्नायू हळूहळू निकामी करणारा जनुकीय आजार. त्याच्या तपासणीसाठी रक्त इथे घेतात, तपासणी बाहेरगावी होते. नळी जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) वापरतात. योग्यच, हेपारिन या दुसऱ्या गोठणरोधकाने पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची पायरी) बिघडतो. एमएलपीए या जनुकाचे तुकडे मोजणाऱ्या तपासणीत डिस्ट्रोफिन या स्नायूंतल्या प्रथिनाच्या जनुकाचे सगळे 79 एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेले तुकडे) तपासले जातात. गळालेले किंवा दुप्पट झालेले एक्झॉन सापडतात, डीएनएच्या एका अक्षराचा बदल मात्र बहुधा सुटतो. म्हणजे 'निगेटिव्ह' आलं तरी आजार नाही असं नव्हे, पुढे सिक्वेन्सिंग (जनुक अक्षर-अक्षर वाचणं) लागतं. हे काउंटरवर कुणी सांगत नाही. बीड-परभणीहून लेकरू घेऊन येणाऱ्या आईबापांना ते आधी कळायलाच हवं!

अहवालात रीडिंग फ्रेम (जनुकाची अक्षरं तीन-तीन करून वाचण्याची चौकट) टिकली की मोडली ते लिहितात, हे फार चांगलं. फ्रेम मोडली की डिस्ट्रोफिन जवळपास बनत नाही, आकुंचनात स्नायुपेशीचं आवरण फाटतं, सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम रक्तात झिरपतं. फ्रेम टिकली तर बहुधा बेकर, म्हणजे याच आजाराचा सौम्य प्रकार. जाताना सीपीकेचा जुना रिपोर्ट न्या.