तंबाखू आंबवायची तयार भट्टी घेतली आणि अख्खा हंगाम गेला

ज्यांनी यंदा घरी तंबाखू लावलीय आणि पानं आंबवायला तयार भट्टी घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी पैसे द्यायच्या आधी हे वाचाच. माझी चाळीस झाडांची जवळजवळ ४ किलो वाळलेली पानं फेकावी लागली.

बी इतकं बारीक की फुंकरीनं उडतं, त्यापासून रोपं केली, शेंडे खुडले, बगलेतले फुटवे सारखे काढत बसलो, मग पानं तोडून सावलीत टांगली आणि आधी पिवळी मग तपकिरी होईपर्यंत घाई केली नाही. हिरवी असतानाच कडक वाळलेली पानं पुढे कितीही आंबवा सुधरत नाहीत, तीसुद्धा वेचून बाजूला काढली होती. राहिलं होतं फक्त आंबवणं. मोठ्या प्रमाणावर काम असेल तर पानांची भलीमोठी थप्पी रचतात आणि ती आतून आपोआप तापते, घरच्या ४ किलोत तेवढी ऊब धरतच नाही, म्हणून भट्टी लागते. भट्टी म्हणजे तरी काय, उष्णता धरून ठेवणारी बंद पेटी, जुना फ्रीजसुद्धा चालतो, आत पाणी गरम करणारं भांडं, थर्मोस्टॅट आणि हवा फिरवायला छोटा पंखा. तापमान ५० अंशांच्या आसपास, ह्युमिडिटी ७० टक्क्यांच्या आसपास, आणि ४ ते ६ आठवडे धीर. मला वायरिंगची भीती वाटत होती म्हणून तयार घ्यायची ठरवली आणि तिथेच अडकलो.

विकणारा म्हणाला, "दादा, सहा आठवडे कोण थांबतंय, आपल्या भट्टीत आठ दिवसात माल तयार." सोबत एक पांढरी पावडर दिली, एन्झाइम आहे म्हणे, पाण्यात कालवून पानांवर शिंपडायची. आणि अट एकच, आठ दिवस दार अजिबात उघडायचं नाही नाहीतर एन्झाइम मरतात. पैसे आधीच पूर्ण घेतले.

दुसऱ्याच दिवशी दाराच्या फटीतून अमोनियाचा असा भपकारा आला की डोळे चुरचुरले. तंबाखू आंबताना अमोनिया निघतो हे मला माहीत होतं त्यामुळे मी उलट खूश झालो, फोन केला तर तो म्हणाला "बघा, सांगितलं होतं ना". डिस्प्लेवर ५१ आणि ७०. रात्री ५१ आणि ७०, पहाटे उठून बघितलं तरी तेच. खरा थर्मोस्टॅट हीटर चालू-बंद करत राहतो त्यामुळे आकडा दोन-तीन अंश वरखाली होणारच, पण आठ दिवसात आकडा एकदाही हलला नाही आणि मला ते चांगल्या भट्टीचं लक्षण वाटलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

नवव्या दिवशी उघडलं तर हीटरजवळची पानं करपून चुरा झालेली, आणि लांबच्या कोपऱ्यातली पानं ओलीगच्च, त्यांच्यावर राखाडी-हिरवी बुरशी, कुबट वास. आत पंखाच नव्हता! ५० अंशांच्या आसपास बहुतेक बुरशी वाढत नाही, म्हणजे तो कोपरा तेवढा तापलाच नव्हता. मधली पानं काळपट दिसत होती पण वास कच्च्या गवताचा. बुरशी एकदा सगळ्या पेटीत फिरली की चांगली पानं निवडत बसण्यात अर्थ नाही, सगळी टाकली.

मग एकेक तपासलं. सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवला, शून्याच्या जवळ यायला हवं होतं, डिस्प्लेवर ५१च. बंद डब्यात मीठ थोड्या पाण्यात ओलं करून ठेवलं की आतली ह्युमिडिटी ७५ वर स्थिर होते, त्यात रात्रभर ठेवला तरी ७०. झाकण उघडलं तर सेन्सरची वायर आत कशालाच जोडलेली नाही. हीटरची प्लेट सरळ प्लॅस्टिकला चिकटवलेली, घराला आग लागली असती. उरलेल्या पावडरवर व्हिनेगर टाकलं तर फसफसून वर आली, म्हणजे सोडा निघाला. पानात अमोनियाचे क्षार असतातच, सोड्यासारखं काही पडलं की ते अमोनिया सोडतात आणि पान काळपटही पडतं, म्हणजे मला जो वास आला तो आंबण्याचा नव्हताच, तो सोड्यानं काढलेला होता. जाणकाराला जे दोन पुरावे हवेत, वास आणि रंग, नेमके तेच त्यानं बनवून दिले. आंबवायचं काम पानातलीच एन्झाइम करतात हो, ओलावा, ऊब आणि वेळ सोडून वरून काहीही घालावं लागत नाही.

त्याला फोटो पाठवले तर म्हणाला तुमची पानंच ओली होती, दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. तक्रार करायला हातात लेखी काहीच नव्हतं, जाहिरात पण गायब, मी स्क्रीनशॉटसुद्धा घेतला नव्हता. तुम्ही घेत असाल तर रिकामी भट्टी दोन दिवस चालवून दाखवायला सांगा, आत स्वतःचा थर्मामीटर ठेवा, बर्फ आणि मीठ दोन्ही करून बघा, आणि दार उघडू नका म्हणणाऱ्याकडून तर घेऊच नका.

शेवटच्या तोडणीची थोडी पानं टांगलेली होती म्हणून वाचली. त्याच पेटीतलं सगळं उपसून ओळखीच्या वायरमनकडून नीट थर्मोस्टॅट आणि पंखा बसवून घेतला. आज १८ वा दिवस आहे, आकडा ४९ ते ५२ मध्ये वरखाली होतोय आणि मी रोज दार उघडून पानं हातात घेऊन बघतोय.