दोघांची रोड ट्रिप, एक शीट आणि टोलचा वार्षिक पास: काही महिन्यांच्या वापरानंतर

श्रीनगरहून निघणारा 44 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग कन्याकुमारीला संपतो. देशातला हा सगळ्यात लांब महामार्ग आमच्या नागपुरातून जातो. "एकदा हा रस्ता पूर्ण करायचा" हे आमच्या घरी लग्नापासून बोललं जायचं आणि दर दिवाळीनंतर विरून जायचं. या खेपेला ते झालं. पावसाळ्यात ठरवायला बसलो, जानेवारीच्या उत्तरार्धात दक्षिण केली, एप्रिलमध्ये उत्तर. गाडी घरचीच, पेट्रोलवरची, आणि चालवणारे दोघं. मधल्या काळात ज्या दोन गोष्टींनी खरा आधार दिला त्यांच्याबद्दल लिहिते आहे: आम्ही दोघांनी मिळून भरलेली एक ऑनलाइन शीट आणि फास्टॅगचा वार्षिक पास. पासबद्दल सगळे विचारतात म्हणून तोही घेतला आहे, पण सांगण्यासारखं जास्त आहे ते शीटबद्दल.

आधी दोन टप्पे का, ते. नागपूर या महामार्गाच्या अधेमधे आहे, त्यामुळे एका सुट्टीत खाली जाऊन घरी यायचं, कपडे धुवायचे, ऑफिसला तोंड दाखवायचं आणि दुसऱ्या सुट्टीत वर जायचं, ही सोय आम्हाला आयती मिळाली. दुसरं कारण हवेचं. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरपासून वर धुकं असतं आणि सकाळी दहापर्यंत समोरच्या ट्रकचा मागचा दिवासुद्धा दिसत नाही. तिकडे तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मान्सूनचा पाऊस. म्हणजे दक्षिण पोंगलनंतर आणि उत्तर धुकं संपल्यावर. पुण्या-मुंबईचे लोक सलग महिनाभर जायचं म्हणतात तेव्हा मी हेच सांगते की आधी हवा बघा, मग रजा मागा.

शीट अगदी साधी आहे. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, फोन सांगतो ती वेळ, आमची वेळ, चालवणार कोण, मुक्काम, खोली रद्द करायची शेवटची तारीख, आणि "नाही जमलं तर". शेवटचा रकाना "कोणाचा हट्ट". त्याच्याकडे नंतर येते.

"फोनची वेळ" आणि "आमची वेळ" हे दोन रकाने वेगळे ठेवणं हीच निम्मी किमया आहे. फोनमधला नकाशा नागपूर-हैदराबादचं सुमारे पाचशे किलोमीटरचं अंतर असं दाखवतो की जणू वाटेत कोणाला चहा लागत नाही, कोणाची पाठ धरत नाही आणि हिंगणघाटला कोणाची मावशी राहत नाही. चौपदरी महामार्गावर कारला ताशी 100 ची मर्यादा आहे, पण दिवसभराची सरासरी साठ-पासष्टच्या वर आमची कधी गेली नाही. त्यामुळे फोनच्या वेळेत सरळ चौथा हिस्सा मिळवायचा आणि तो आकडा "आमची वेळ"मध्ये लिहायचा. पहाटे निघून त्या वेळेत उजेड असताना पोचणं होत नसेल, तर तो दिवस तिथेच कापायचा. अंधारात हायवेवर गाडी चालवायची नाही हे आम्ही शीटच्या सगळ्यात वरच्या ओळीत जाड अक्षरात लिहिलं होतं.

त्या ओळीची परीक्षा करूरला झाली. बंगळुरूहून मदुराईला निघालो होतो. सेलमला जेवणात वेळ गेला, नामक्कलच्या पुढे एका पुलाच्या कामामुळे रांग लागली, आणि करूर आलं तेव्हा पाच वाजून गेले होते. नवरा म्हणाला, "अगं, दीडशेच्या आतच आहे. दोन तासांत मदुराई." मी काही बोलले नाही, शीट उघडून फोन त्याच्यापुढे धरला. त्या दिवसाच्या ओळीत त्यानेच ऑगस्टमध्ये लिहिलं होतं: "नाही जमलं तर दिंडीगुल. मदुराईचे पैसे परत मिळणार नाहीत." त्याने ते वाचलं, हसला आणि म्हणाला, "बरं, बिर्याणी तरी मिळेल." दिंडीगुलची बिर्याणी बारीक तांदळाची असते आणि आपल्याकडच्या बिर्याणीपेक्षा तिखट, दोघांनी आडवा हात मारला. मदुराईच्या खोलीचं एका रात्रीचं भाडं गेलं. पण ते जाऊ शकतं हे आधीच लिहिलेलं असल्यामुळे कोणी कोणावर चिडलं नाही. गाडीत दमलेल्या दोन माणसांनी संध्याकाळी पाचला वाद घालण्यापेक्षा तो वाद ऑगस्टमध्ये घरच्या सोफ्यावर, फराळाची बशी मध्ये ठेवून घातलेला बरा. शीटचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो. भांडणं सगळी होतात, फक्त घरी होतात.

आता "कोणाचा हट्ट". दोघांना सारखेच हट्ट वाटून घेतले. हट्ट म्हणजे असं ठिकाण जे दुसऱ्याला पटलं नाही तरी घ्यायचंच. अट एकच: समोरच्याच्या हट्टाच्या जागी घड्याळ बघायचं नाही, "झालं का?" विचारायचं नाही. ही अट लिहून ठेवल्याशिवाय हा रकाना निरुपयोगी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा पहिला हट्ट लेपाक्षी. हैदराबादहून बंगळुरूला जाताना कोडीकोंडापाशी महामार्ग सोडून आत वळायचं. विजयनगरच्या काळातलं वीरभद्राचं देऊळ, छतावर रंगीत चित्रं आणि गावाच्या तोंडाशी एकाच दगडातला अवाढव्य नंदी. नवऱ्याचं मत: "अर्धा दिवस वाया." देवळात एक खांब आहे जो जमिनीला पूर्ण टेकत नाही. लोक त्याच्याखालून ओढणी, रुमाल, जे हाती असेल ते सरकवून दुसऱ्या बाजूने काढतात. हा सिव्हिल इंजिनिअर. आधी लांबून हसला, मग गुडघ्यांवर बसला, मग खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढून खांबाच्या चारही बाजूंनी सरकवून बघायला लागला. एका बाजूला अडलं तेव्हा त्याला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. मागे रांग लागली. मी घड्याळ बघितलं नाही, अट माझ्यावरही होतीच.

त्याचा हट्ट पानिपत. 14 जानेवारी 1761 हे आपल्याकडे शाळेपासून पाठ असतं, पण दिल्लीहून वर जाणारे बहुतेक मराठी लोक मुरथलला पराठे खातात आणि पानिपतच्या उड्डाणपुलावरून पुढे निघून जातात. काला आंबचं स्मारक शहराबाहेर आहे. फार काही भव्य नाही, बाग आहे, स्तंभ आहे. त्याने तिथला प्रत्येक फलक वाचला, काही दोनदा. मी उन्हात बाकावर बसून घरून आणलेला चिवडा संपवला. माझ्या हिशेबात तिथे वीस मिनिटं पुरतात. त्याच्या हिशेबात दीड तास कमी पडला.

कन्याकुमारी हा हट्ट नव्हता, तो तर रस्त्याचा शेवट. विवेकानंद शिलास्मारक 1970 मध्ये उभं राहिलं आणि त्यासाठी देशभर फिरून पैसा उभा करणारे एकनाथजी रानडे मूळचे आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, त्यामुळे नागपूरकराला तिथे उगाच घरच्यासारखं वाटतं. बोटीची रांग मात्र घरच्यासारखी अजिबात नाही. सकाळी पहिल्या बोटीलाच जा.

पासचं थोडक्यात. 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी कार-जीपसाठी 3000 रुपयांत वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते, अशी ही योजना सुरू झाली. आमच्यासारख्यांना पैसा वसूल, यात वादच नाही. सुरुवातीच्या त्या दराने फेरीला 15 रुपये पडले आणि या रस्त्यावर साठ-सत्तरच्या खाली टोलनाका क्वचितच भेटतो. राजमार्गयात्रा ॲपवरून तो घ्यायचा, उरलेल्या फेऱ्या तिथेच दिसतात. पण तीन गोष्टी नीट समजून घ्या. एका नाक्यावरून एकदा गेलात की एक फेरी, परत आलात की दुसरी. पास त्या एकाच गाडीचा, मेहुण्याच्या गाडीला देता येत नाही. टॅग काचेला चिकटवलेला हवा आणि गाडीच्या नंबरशी जोडलेला हवा. आणि तिसरी, जी बहुतेकांना नाक्यावर गेल्यावर कळते: पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. हैदराबादचा आउटर रिंग रोड, यमुना एक्सप्रेस-वे, आपला समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती, हे सगळे त्याच्या बाहेर. तिथे टॅगमधल्या शिलकीतून नेहमीसारखे पैसे कापले जातात. म्हणून पास असला तरी टॅगमध्ये शिल्लक ठेवायची. आम्ही शीटमध्ये असे रस्ते पिवळे केले होते.

उत्तरेच्या टप्प्यात नागपूर सोडल्यावर पहिल्याच तासात पेंच लागतं. तिथे महामार्ग उचलून खांबांवर घेतला आहे आणि खालून जनावरांना वाट ठेवली आहे, त्यातली सगळ्यात लांब 750 मीटरची. वरून जाणाऱ्याला काहीच दिसत नाही, पण ठाऊक असलं की बरं वाटतं. सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर हा पट्टा शीटप्रमाणे तंतोतंत पार पडला, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

शीट हात टेकते ती जम्मूच्या पुढे. जम्मू ते श्रीनगर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरहून लांब बोगदा 2017 मध्ये सुरू झाला, पुढे बनिहाल-काझीगुंडचा झाला, आणि त्यामुळे रस्ता पूर्वीच्या मानाने खूपच सोपा झालाय. पण रामबन ते बनिहाल हा तुकडा पावसात दरडींचा. वरून दगड सुटले की वाहतूक थांबवतात, आणि किती वेळ ते कोणीच सांगू शकत नाही. तिथे "आमची वेळ" हा रकाना रिकामा सोडला आणि मागे एक अख्खा दिवस मोकळा ठेवला. सकाळी निघण्याआधी वाहतूक पोलिसांची त्या दिवसाची सूचना बघायची, मगच किल्ली फिरवायची. दुसरं, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. दोघांपैकी एकाचा तरी नंबर आधी पोस्टपेड करून घ्या. आम्ही माझा केला, आणि त्या चार-पाच दिवसांत सासूबाईंचे सगळे फोन मलाच आले.

काय जमलं नाही, तेही. जेवणाचा रकाना काढून टाकला. कुठे काय खायचं हे दोन महिने आधी ठरवणारी माणसं वेगळी असतात, आणि ती बहुधा उपाशी राहतात. मोबाईलवर एवढी रुंद शीट वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, त्यात घाटात नेटवर्क नाही. आम्ही रोजच्या मुक्कामाच्या ओळी छापून कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. तो पेट्रोलच्या पावत्यांत चुरगळला, पण शेवटपर्यंत टिकला. खर्चाच्या रकान्यात पेट्रोलचा अंदाज जवळपास बरोबर आला (किलोमीटर भागिले मायलेज, गुणिले दर, डोंगरासाठी थोडं वर धरायचं), राहण्याचा खर्च मात्र बराच वाढला, कारण दिवसभर गाडी चालवल्यावर स्वस्त खोली घ्यायची हिंमत राहत नाही. शिवाय नवऱ्याला रकाने रंगवायचा नाद लागला. हिरवा म्हणजे बुकिंग झालं, निळा म्हणजे पैसे भरले, जांभळा म्हणजे काय ते त्यालाही आठवत नाही.

एकालाच ठरवायला आवडतं आणि दुसरा "तू म्हणशील तसं" म्हणतो, अशा जोडप्याला ही शीट फारशी उपयोगाची नाही. नणंदेने आमची प्रत घेतली, सगळी तिनेच भरली, आणि महाबळेश्वरला पोचेपर्यंत दोघं बोलत नव्हती. दोघांनी हात घातला तरच ती चालते.

पासच्या बऱ्याच फेऱ्या शिल्लक आहेत आणि मुदतही. झाशीला ज्या 27 नंबरच्या महामार्गाला आपला रस्ता छेदतो तो पोरबंदरहून थेट सिल्चरला जातो. नवी शीट कालच उघडली. तारखा अजून कोऱ्या आहेत, हट्टाचा रकाना भरून झाला, आणि गोरखपूरवरून वाद चालू आहे.