मांडवा ते जयगड फेरीबोटीने: मोसमभर वापरल्यानंतर

पावसाळा सरल्यापासून कोकणात जाताना मी मुंबई-गोवा महामार्ग जवळजवळ सोडूनच दिला आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडवा, मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या ओलांडत खाली उतरायचं. चिपळूणचा किंवा आंबेत-म्हाप्रळचा वळसा टळतो, पण एकूण वेळ वाचेल या आशेने येऊ नका. कोकणातली बंदरं मुळात तिथेच का वसली हे ज्यांना बघायचंय, त्यांनी मात्र याच मार्गाने यावं.

दाभोळचंच घ्या. दापोलीकडून उतरलं की ते डोंगराच्या पोटातलं आडगाव वाटतं. जंगलजेटीच्या, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीच्या, कठड्याशी उभं राहिल्यावर चित्र बदलतं. एका हाताला उघडा समुद्र, दुसऱ्या हाताला चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत आत शिरलेली वाशिष्ठी आणि तिच्यापुढे घाटवाटा. देशावरचा माल इथे यायचा, इथून जहाजं होर्मुझकडे निघायची. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात परतीला निघाला तो याच बंदरातून. १५०८ मध्ये पोर्तुगीजांच्या आल्मेदाने हे शहर जाळलं, आणि तरीही ते पुन्हा उभं राहिलं. आदिलशाही काळातली घुमटाची मशीद धक्क्यापासून जवळ आहे. एक फेरी सुटली तर सुटू द्या, ती बघून या.

बागमांडल्याहून वेसवीला येताना सावित्रीचं मुख दिसतं. बाणकोटचा हिंमतगड त्यावरच पहारा ठेवून आहे. एके काळी गलबतं इथून आत महाडपर्यंत जात, म्हणून १७५६ मध्ये इंग्रजांनी हा गड आपल्याकडे घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. तवसाळ-जयगड फेरी छोटी आणि सुंदर.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीनेच जा. तट थेट पाण्यातून वर येतो, पाय ठेवायला किनारा नाही, आणि होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. सिद्दींचा हा किल्ला शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही का घेता आला नाही, ते तिथे उमगतं. समोर शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला बांधलेला पद्मदुर्ग दिसतो, तोही नीट न्याहाळा. किल्ल्यात मिळणारा वेळ मात्र फार अपुरा. कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव बघेपर्यंत नाखवा हाका मारायला लागतो.

माझी खरी तक्रार सुरक्षेची आहे. काही छोट्या होड्यांवर लाइफ जॅकेट मागितल्याशिवाय मिळालं नाही, एकदा तर मागूनही मिळालं नाही. याच किनाऱ्यावर १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. जॅकेट नसेल तर होडीत बसू नका, मग नाखवा कितीही घाई करो.

जोडून सुट्ट्या आल्या की धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा सकाळची पहिली फेरी धरा. शेवटच्या फेरीच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. खाडीतल्या फेऱ्यांची वेळ निघण्याआधी फोन करून विचारलेली बरी.

रेवस-रेडी सागरी मार्गावर या खाड्यांवर पूल होणार आहेत. ते व्हायलाच हवेत, कारण रात्री आजारी माणसाला पलीकडे न्यायचं तर फेरी बंद झालेली असते. पूल झाल्यावरही दाभोळची बोट चालू ठेवा, ही मागणी मी आत्ताच करतो.