फोटोशॉप ७.०, नवं फोटोशॉप आणि गिम्प: फाईलच्या साईजच्या कसोटीवर

साताऱ्यात फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत २००२ सालचं फोटोशॉप ७.० अजून चालतं, स्टुडिओत ताजं फोटोशॉप असतं आणि दरमहाचे पैसे भरायचे नसलेले गिम्प हे फोटो सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर वापरतात. एकच फोटो तिन्हीकडून सेव्ह केला की तीन वेगळ्या साईज येतात आणि जड फाईल म्हणजे चांगला फोटो असं गिऱ्हाईक धरून चालतं. तसं अजिबात नाही.

क्वालिटीचा आकडा हे ठरलेलं माप नव्हे. फोटोशॉपच्या ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पट्टी ० ते १२, ‘सेव्ह फॉर वेब’मध्ये ० ते १००, नव्या ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’मध्ये १ ते ७ आणि गिम्पमध्ये पुन्हा ० ते १००. गिम्पचे ९० आणि ‘सेव्ह फॉर वेब’चे ९० सारखे नाहीत, कारण जेपेग (म्हणजेच जेपीजी, फोटो दाबून लहान करणारा फाईलप्रकार) करताना कोणता तपशील किती गाळायचा याचे तक्ते ज्याचे त्याचे वेगळे आहेत. शिवाय ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ६ पर्यंत रंगाची माहिती पाव हिश्शावर आणली जाते, ७ पासून ती पूर्ण राहते. लाल शालूची जर किंवा लाल पट्टीवरची अक्षरं ६ वर फुटलेली दिसतात ती याचमुळे. छापायच्या फोटोला १० च्या खाली जाऊ नये, असं आमचं मत.

मूळ चित्रापेक्षा त्यासोबत जाणारं सामान कधीकधी जास्त असतं. फ्लेक्सच्या फाईलमधून कापून घेतलेला फोटो सीएमवायकेमध्येच (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) राहिला, तर त्याला चिकटलेली रंगांची प्रोफाईल (रंग कसे दिसावेत याची नोंद) एकटीच सुमारे ५५० केबीची असू शकते. स्क्रीनसाठीच्या एसआरजीबीची जेमतेम ३ केबी असते. दुसरा चोर मेटाडेटात, म्हणजे फाईलसोबतच्या माहितीत, बसतो: तयार पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाईल) टेम्प्लेटमधून लेयर (चित्राचे थर) ओढत गेलं की नव्या फोटोशॉपमध्ये जुन्या फाईलींच्या ओळखखुणांची यादी साठत जाते आणि बोटभर फोटोची जेपीजी काही एमबीची होते. ७.० मध्ये ही भानगड नाही.

बँकभरतीच्या आयबीपीएस फॉर्मला २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा फोटो लागतो. या कामाला नव्या फोटोशॉपमध्येही ‘सेव्ह फॉर वेब’च सर्वांत भरवशाचं. आधी इमेज, मोडमधून आरजीबी (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा रंग) करा, मग ऑल्ट, शिफ्ट, कंट्रोल आणि एस. जेपेग निवडा, मेटाडेटा ‘नन’ करा, रुंदी-उंची भरा आणि उजवीकडच्या छोट्या मेन्यूतून ‘ऑप्टिमाइझ टू फाईल साईज’मध्ये ४० टाका. फाईल २० च्या खाली गेली तर क्वालिटी वाढवा. ‘रिसॅम्पल’ची टिक काढून नुसतं रिझोल्यूशन ७२ वरून ३०० केल्याने पिक्सेल बदलत नाहीत आणि केबीही वाढत नाहीत.

लग्नाच्या अल्बमला मात्र नव्या आवृत्तीचं वजन सोसावंच लागतं. १२ बाय ३६ इंचाची शीट ३०० डीपीआयला ३६०० बाय १०८०० पिक्सेल होते. ८ बिटमध्ये (दर रंगाला ८ बिट) एक भरलेला लेयर १११ एमबी, १६ बिटमध्ये दुप्पट. स्मार्ट ऑब्जेक्ट ७.० मध्ये नव्हतं. आता ते मूळ फोटो अख्खा पोटात घेऊन बसतं. ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ने सपाट केलेली आणखी एक प्रत आत जाते, पण ती बंद करू नका. लाइटरूमला (अडोबीच्या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरला) पीएसडी वाचायला ती लागते.

फोटोत काय टिपलंय तेही धरायलाच हवं. कासच्या पठारावर एकाच कॅमेऱ्याने, एकाच क्वालिटीला काढलेल्या दोन फोटोंत फुलांचा गालिचा जड आणि धुक्याची चौकट हलकी येणारच. प्रत्येक पाकळी, प्रत्येक गवताची काडी जेपेगला लिहून ठेवावी लागते. म्हणूनच रॉ फाईलची (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलची) प्रोसेस आवृत्ती, म्हणजे फोटोशॉपची ती उघडायची रीत, २००३ वरून २०१० वर नेली की तीक्ष्णता आणि नॉइज बदलून जेपीजीची साईज हलते. क्वालिटी तुम्ही बदललेली नसते.

गिम्प फुकट असूनही या कामात कमी नाही. एक्स्पोर्ट करताना ‘प्रिव्ह्यू’वर टिक केली की केबी समोर दिसतात आणि एक्झिफ, एक्सएमपी हा मेटाडेटा आणि थंबनेल वेगवेगळे काढता येतात. २.८ मध्ये सगळं ८ बिटमध्येच होतं, २०१८ च्या २.१० पासून १६ आणि ३२ बिट आले. लोगोची पीएनजी अचानक फुगली तर पिक्सेल फॉरमॅट ‘ऑटोमॅटिक’ ठेवलाय का ते बघा, त्याने १६ बिटांची फाईल निघू शकते. तिथे आठ बिटांचा आरजीबी निवडला, पारदर्शक भाग असेल तर आरजीबीए, की फाईल ताळ्यावर येते.