फर्स्ट कॉपी रोलेक्स सबमरिनर घड्याळ, दहा महिन्यांनंतर: सगळं अडलं ते तारखेच्या खिडकीत

३० जूनची रात्र, पाऊण वाजलेला. कल्याणच्या शेवटच्या गाड्यांपैकी एकीत बसलो होतो. मनगटावरच्या घड्याळात पाहिलं तर तारखेच्या खिडकीत अर्धा ३० आणि अर्धा ३१ असे दोन्ही आकडे अडकलेले. जूनला ३१ नसतो, म्हणून बसल्या जागी चावी ओढली आणि १ तारीख आणायला फिरवली. आत बारीकसं ‘कट्’ झालं. त्यानंतर तारीख हललीच नाही.

रोलेक्स सबमरिनर म्हणजे स्विस कंपनीचं, खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठी बनवलेलं महागडं घड्याळ; याहून त्यात शिरत नाही. माझं घड्याळ फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब दिसणारी नक्कल: काळी डायल, काळी बेझल (काचेभोवतीचं फिरणारं कडं), चाळीस मिलिमीटर. नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या एका दुकानातून साडेसहा हजारांना घेतलं. दुकानदार ‘सेव्हन ए’, म्हणजे नकलेतला वरचा दर्जा, म्हणाला आणि सहा महिने मशीनची गॅरंटी तोंडी दिली. मी बिल मागितलं तर मिळालं नाही. पुढे कळलं की ते मिळणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याचं नाव आणि चिन्ह लावलेला माल विकणं १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा माल विकणारा स्वतःच्या सहीचा कागद देईल कसा?

आधी चांगलं सांगतो, कारण पहिले तीन महिने मी खरोखर खूश होतो. वजन हातात भरतं. पट्ट्यावर लोकलच्या दांड्यांचे ओरखडे आले, पण पॉलिश उडालं नाही, घामाने मनगट काळं पडलं नाही. बेझल एकाच दिशेने फिरते आणि पूर्ण फेरीत १२० टिचक्या होतात, अस्सलमध्ये असतात तेवढ्याच. मी दोनदा मोजल्या. फक्त बारावरचा त्रिकोण किंचित डावीकडे बसतो. पट्ट्याच्या कड्यांना अस्सलमध्ये स्क्रू असतात, इथे ठोकलेल्या पिना आहेत. मार्चमध्ये एक पिन अर्धी बाहेर आली, पन्नास रुपयांत बसवून घेतली. एवढं मी सोडून दिलं असतं.

तारीख सोडून देता आली नाही. काचेवरचं ते भिंग रोलेक्सची ओळख आहे, तारीख अडीच पट मोठी दिसावी म्हणून बसवलेलं. माझ्या घड्याळात ते दीडपटीच्या वर जात नाही. आणि त्याखालची तारीख रात्री साडेअकराला सरकायला लागते ती दोन-अडीचला जागेवर बसते. तीन तास खिडकीत दोन अर्धवट आकडे. मी उशिराच्या गाडीने घरी येतो, म्हणजे रोज रात्री हेच बघायचं.

फेब्रुवारीत ऑफिसच्या कामाने एका गृहस्थांकडे गेलो होतो. त्यांच्या हातात अस्सल होतं. माझं कॉपी आहे हे मी आधीच सांगितलं (कुणालाही तेच सांगतो), आणि काटे फिरवून बघू का विचारलं. त्यांनी मोठ्या मनाने घड्याळ काढून दिलं. काटे सावकाश बाराकडे नेले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, तारीख जागची हलली नाही. बारा झाले आणि टक्कन आकडा बदलला. पापणी लवायच्या आत. आत एक स्प्रिंग दिवसभर थोडी थोडी ताणली जाते आणि मध्यरात्री एकदम सुटते, त्याने हे होतं. अंगावर काटा आला माझ्या. घरी परतताना मनात एकच येत होतं: नकल करणाऱ्याने भिंग लावलं, आणि ज्याच्यासाठी भिंग आहे तीच गोष्ट सोडून दिली.

त्या दिवसापासून ‘तारीख हळू सरकते म्हणजे माल भिकार’ असं मी चारचौघांना सांगत होतो. ते चुकीचं होतं. जुलैत घड्याळ उघडायला स्टेशनजवळच्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं, तेव्हा त्यांनी दुरुस्तीला आलेलं एक जपानी ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं घड्याळ) उचललं आणि काटे फिरवून दाखवले. तिथेही तारीख हळूहळूच सरकली. “अहो, बहुतेक साध्या मशीन अशाच चालतात,” ते म्हणाले. “हा दोष नाही. रात्री नऊ ते तीन तारखेला हात लावलात, हा दोष.” त्या वेळात तारीख ढकलणारं चाक आधीच दातात गुंतलेलं असतं. वरून चावीने जोर लावला की दात तुटतो. डिसेंबर, मार्च आणि मे या तिन्ही महिन्यांच्या एक तारखेला मी सकाळी चहा घेताना तारीख लावली होती, म्हणून काही झालं नव्हतं. चौथ्या वेळी रात्री हात लावला. अस्सल घड्याळासोबत पुस्तिका मिळते, मला प्लास्टिकची पिशवी मिळाली होती.

मागचं झाकण उघडल्यावर जे दिसलं त्याने मात्र मन विटलं. आत साधी चिनी ऑटोमॅटिक मशीन, तासाला २१,६०० ठोके. सबमरिनरमध्ये २८,८०० असतात, म्हणजे सेकंदाला सहाऐवजी आठ, म्हणून तिथला सेकंदकाटा जास्त गुळगुळीत फिरतो. पण त्याहून वाईट होतं पाणी आत जाऊ नये म्हणून असलेलं रबरी सील. कोरडं, चपटं, ग्रीसचा थेंब नाही. डायलवर ३०० मीटर खोल पाण्यापर्यंत चालेल असं छापलंय आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ठाण्याच्या फलाटावर उभा असताना काचेला आतून वाफ धरली होती. डायलवर त्याच्याच खाली क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेची चाचणी पास झालेलं घड्याळ, म्हणून प्रमाणित असल्याचंही लिहिलंय. स्वित्झर्लंडमधलं ते प्रमाणपत्र मशीनला पंधरा दिवस पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासून मिळतं. दिवसाला सरासरी उणे चार ते अधिक सहा सेकंद एवढीच सूट. मी मोबाइलशी ताडून आठवडाभर वहीत लिहिलं: रोज पस्तीस ते चाळीस सेकंद पुढे. साध्या मशीनला हे चालून जातं. पण खोटं नाव लिहिणं वेगळं आणि न झालेल्या तपासणीचा दाखला छापणं वेगळं, दुसऱ्याचा मला जास्त राग आहे. त्या ३०० मीटरवर विश्वास ठेवून कुणी पोहायला उतरला तर?

दुकानात गेलो. आठवा महिना चालू होता, गॅरंटी संपली होती, हे मान्य. पण “फर्स्ट कॉपीला कसली गॅरंटी?” हे उत्तर नोव्हेंबरात दिलं असतं तर मी पैसे काढलेच नसते. अर्धा तास बोललो. बिल नसताना दाद कुठे मागणार?

शेवटी काकांनीच मार्ग काढला. तारखेचं एक चाक सुटं मिळत नाही, म्हणून तशीच आख्खी मशीन बदलली, चौदाशे. नवं सील, सिलिकॉन ग्रीस लावून, दीडशे. मशीन बरी चालते, आता रोज पंधरा-सोळा सेकंद पुढे, आणि ऑगस्टच्या पावसात वाफ धरली नाही. पण नव्या मशीनचे आकडे खिडकीत खाली बसतात. ८ चं खालचं वर्तुळ चौकटीला टेकतं, आणि भिंगामुळे ते आणखी डोळ्यांत येतं. काका म्हणाले, डायल आणि मशीन एकमेकांसाठी बनलेली नाहीत, याहून वर येणार नाही.

एकूण गेले आठ हजार शंभर. थोडी भर घातली असती तर बिल आणि गॅरंटी असलेलं जपानी ऑटोमॅटिक आलं असतं, डायलवर स्वतःचं नाव असलेलं. तरी कुणाला कॉपी बघायचीच असेल तर वजन आणि चकाकी बघू नका, तिथे ते पैसे घालतातच. दुकानात उभं राहून काटे बाराच्या पुढे न्या आणि तारीख चौकटीच्या मधोमध बसते का बघा. मागचं झाकण उघडून सील दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर निघा.

परवा ३० सप्टेंबर. रात्री गाडीत घड्याळाकडे बघणार नाही. १ तारखेला सकाळी काटे साडेसहावर असताना चावी ओढेन.